स्थलरचनेचें शिक्षण : खर्च किती, फळ किती ?

(नभोवाणीवरील भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे नांदेड-लातूरकडील घराघरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मुलगा डॉक्टर होणार कीं इंजिनियर, एवढाच काय तो प्रश्न. लातूरच्या शिकवणीवर्गांची कीर्ति आतां दूरवर पसरली आहे, आणि त्या कीर्तीमुळें तिसरी वाट म्हणून कांहीं असते हेंच पुष्कळ कुटुंबें विसरून गेलीं आहेत. तथापि दरवर्षीं कांहीं मुलें अशीं निघतात कीं ज्यांस चित्रें काढण्याची आवड असते, झाडांची ओळख असते, आणि ज्यांचें गणितही बरें असतें. त्यांपैकीं एखादें घरीं येऊन सांगतें, "मला लँडस्केप आर्किटेक्चर शिकावयाचें आहे." वडिलांस वाटतें, एवढें शिकून पोर माळी होणार. आईस वाटतें, हें काय नवीनच खूळ ! या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. परंतु हा अभ्यास सात वर्षांचा असून त्यास पंधरा-वीस लक्ष रुपये लागूं शकतात हें कळलें म्हणजे वडिलांची काळजी अगदींच अस्थानीं नव्हती असें म्हणावें लागतें. आज त्या हिशेबाविषयीं बोलावयाचें योजिलें आहे.

प्रथम हा धंदा कशाचा तें पाहूं. एखाद्या जागेवर इमारत उभी राहिली म्हणजे इमारतीखेरीज जी जमीन उरते, तिची रचना करणें हें या शास्त्राचें काम. मराठींत त्यास अद्याप एकच रुळलेलें नांव नाहीं. 'उद्यानकला' म्हटलें तर अर्थ फार आकुंचित होतो, म्हणून मी आजच्यापुरता 'स्थलरचना' हा शब्द वापरतों. जमिनीचा उतार कोणीकडे आहे, पावसाचें पाणी कोठून येतें व कोठें जातें, तें जागच्या जागीं मुरवितां येईल काय, माती कोणती, तींत कोणतें झाड तगेल, दुपारीं तीन वाजतां सावली कोठें पडेल, माणसें कोणत्या बाजूनें चालत जातील, या सर्वांचा मेळ घालून आराखडा काढणारा तो स्थलरचनाकार. फुलझाडें लावणें हा त्याच्या कामाचा अगदीं शेवटचा भाग होय. आपण मात्र तेवढाच पाहतों.

आपल्या भागास या विद्येची गरज किती आहे हें एका साध्या गुणाकारानें कळेल. लातूरकडे वर्षास सातशें मिलीमीटर पाऊस पडतो असें धरूं. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेवढ्या जागेवर वर्षांत सात हजार घनमीटर, म्हणजे सत्तर लक्ष लिटर पाणी पडतें. आतां एप्रिल २०१६ ची आठवण करावी. मांजरा धरण आटलें आणि मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पांच लक्ष लिटर आलें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली, तिच्यांत पंचवीस लक्ष लिटर मावे. म्हणजे एक हेक्टर आवार असलेल्या एखाद्या शाळेवर वर्षाकांठीं जवळजवळ तीन आगगाड्या भरतील इतकें पाणी आकाशांतून फुकट उतरतें ! तें सगळें धरतां येत नाहीं हें खरें. कांहीं वाफ होऊन जातें, कांहीं वाहून जातें. पण सर्व आवारावर काँक्रीट ओतून उतार थेट गटाराकडे काढला तर एक थेंबही हातीं लागावयाचा नाहीं. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर घातलेली फरसबंदी दोन वर्षांत उचकटते. अशा मातींत पाणी कोठें मुरवावें, कोठें मुरवूं नये, पायवाटेखालीं कोणता थर द्यावा, हें अनुभवी शिक्षकाच्या हाताखालींच शिकावें लागतें.

पूर्वींच्या लोकांस हें कळत नव्हतें असें नाहीं. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर किंवा मलिक अंबरनें सतराव्या शतकांत खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आणलेली नहर हीं कामें जमिनीचा उतार ज्यांस बोटांवर पाठ होता अशा माणसांचीं आहेत.

या विद्येची उणीव कोठें भासली म्हणाल तर किल्लारीकडे पहावें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांतील बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. पुन्हां तसा प्रसंग येऊं नये म्हणून घरें एकमेकांपासून दूर ठेवलीं, रस्ते रुंद व सरळ काढले. जिवाच्या सुरक्षिततेसाठीं तें योग्यच होतें. परंतु जुन्या गांवांतील पार, वाड्याचा चौक, अरुंद गल्लीची सावली, जनावरें बांधावयाची जागा या गोष्टींस त्या आराखड्यांत फारसें स्थान नव्हतें. पुष्कळ ठिकाणीं लोकांनींच मागाहून अंगणांत झाडें लावून व ओटे बांधून ती उणीव आपापल्या परीनें भरून काढली.

तेव्हां गरज आहे, याविषयीं शंका नको. पण समाजास एखाद्या विद्येची गरज आहे म्हणजे त्या विद्येस कोणी पैसे मोजीलच असें नाहीं. मास्तरकींत जन्म गेलेल्या माणसास हें निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां शिक्षणाची वाट. आपल्या देशांत ही विद्या बहुधा वास्तुशास्त्राच्या पदवीनंतर शिकविली जाते. म्हणजे आधीं पांच वर्षांची बी. आर्च. ही पदवी, व तिच्यानंतर दोन वर्षांचा स्थलरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्थेंत तो १९७२ च्या सुमारास सुरू झाला. पुढें अहमदाबादची सेप्ट, भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, पुण्यास महर्षि कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचें भानुबेन नानावटी महाविद्यालय, अशा संस्थांतून तो मिळूं लागला. गंमत अशी कीं, ज्या अमेरिकन गृहस्थानें या धंद्यास नांव व प्रतिष्ठा मिळवून दिली, तो न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, कोणत्याही महाविद्यालयाचा पदवीधर नव्हता. त्याच्या मुलानें मात्र १९०० सालीं हार्वर्ड विद्यापीठांत या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हांपासून पदवीचें युग आलें, तें कांहीं आतां परत जात नाहीं.

पदवीमुळें कायद्यानें कोणता हक्क मिळतो हेंही पालकांनीं नीट समजून घ्यावें, कारण येथें पुष्कळ घोटाळा आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणें काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद झालेल्या माणसासच स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवितां येतें. परंतु मार्च २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हा कायदा त्या नांवाचें रक्षण करतो, तें काम दुसऱ्या कोणी करण्यास मनाई करीत नाहीं. स्थलरचनेस तर निराळा नोंदणीचा कायदाच नाहीं. डॉक्टरावांचून औषध लिहून देतां येत नाहीं, वकिलाच्या सनदेवांचून न्यायालयांत वकिली करतां येत नाहीं. पण बंगल्यापुढील बाग आणि वसाहतीचें मोकळें मैदान रोपवाटिकेचा मालकही आंखून देऊं शकतो, आणि बहुधा तोच देतो. झाडें विकत घेतलीं तर आराखडा फुकट, असा त्याचा व्यवहार असतो. नांदेड किंवा लातूर येथें धंदा मांडणाऱ्या नव्या पदवीधराची खरी स्पर्धा या फुकट आराखड्याशीं आहे.

आतां हिशेब मांडूं. मी मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं, पण त्रैराशिकास पदवी लागत नाहीं. पुढील आंकडे कोणा एका संस्थेचे नव्हेत. ते केवळ रीत दाखविण्यासाठीं धरले आहेत, त्यांच्या जागीं आपल्या संस्थेचे आंकडे घालावे. बी. आर्च. चें वार्षिक शुल्क सव्वा लक्ष धरलें तर पांच वर्षांचे सव्वासहा लक्ष होतात. वसतिगृह व खानावळ दरमहा दहा हजार, वर्षाचे दहा महिने, म्हणजे पांच वर्षांत पांच लक्ष. संगणक, कागद, नमुने तयार करण्याचें साहित्य, अभ्याससहली यांचे दोन लक्ष. एकूण सव्वातेरा लक्ष. नमुन्यांच्या साहित्याचा खर्च महाविद्यालयाच्या माहितीपत्रकांत छापलेला नसतो, पण घरीं येणाऱ्या पत्रांत तोच वारंवार असतो. म्हणून तो मुद्दाम धरला आहे. पुढें पदव्युत्तर दोन वर्षांचें शुल्क तीन लक्ष व राहण्याजेवण्याचे दरमहा बारा हजारांप्रमाणें दोन लक्ष चाळीस हजार. सर्व मिळून अठरा लक्ष पासष्ट हजार.

पण एवढ्यावर हिशेब संपत नाहीं. बी. आर्च. झालेला मुलगा दोन वर्षें शिकण्याऐवजीं नोकरी करता तर दरमहा पंचवीस हजार मिळविता असें समजा. हे न मिळालेले सहा लक्षही खर्चांतच धरले पाहिजेत. म्हणजे केवळ शेवटच्या दोन वर्षांची खरी किंमत पांच लक्ष चाळीस हजार अधिक सहा लक्ष, अर्थात् अकरा लक्ष चाळीस हजार. आतां त्या पदवीमुळें, दोन वर्षांचा अनुभव घेतलेल्या सोबत्यापेक्षां, मुलास दरमहा दहा हजार अधिक मिळाले, तर वर्षाचे एक लक्ष वीस हजार होतात व ती रक्कम भरून यावयास साडेनऊ वर्षें लागतात. पांच हजारच अधिक मिळाले तर एकोणीस वर्षें ! आणि कांहींच अधिक न मिळाल्यास ही पदवी हौसेखातर घेतली असें समजावें. हौस वाईट नव्हे, पण ती कर्ज काढून करूं नये.

कर्जाचें गणित याहूनही कठोर आहे. समजा, बी. आर्च. साठीं दरवर्षीं दोन लक्ष याप्रमाणें दहा लक्षांचें कर्ज दहा टक्क्यांनीं काढलें. शैक्षणिक कर्जाची फेड साधारणपणें अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानें सुरू होते, आणि पालक तोंपर्यंत निर्धास्त राहतात. परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतें. पहिल्या वर्षींचे दोन लक्ष सहा वर्षें राहतात, त्यांचें सरळव्याज एक लक्ष वीस हजार. दुसऱ्या वर्षींच्या रकमेचें एक लक्ष. पुढें ऐंशीं, साठ व चाळीस हजार. बेरीज चार लक्ष. तें मुदलांत मिळविलें म्हणजे कर्ज चौदा लक्षांचें होतें, आणि दहा वर्षांच्या फेडीचा मासिक हप्ता सुमारें साडेअठरा हजार बसतो. तेंच शिक्षण चालू असतां व्याज भरीत गेल्यास मुद्दल दहा लक्षच राहतें व हप्ता सुमारें तेरा हजार दोनशें होतो. पहिल्या वर्षीं हें व्याज दरमहा सोळा-सतराशें रुपयेच असतें. पांचव्या व सहाव्या वर्षीं तें आठ हजारांवर जातें. ज्या घरास पहिलीं तीन वर्षें तरी व्याज भरणें शक्य आहे, त्यानें तें अवश्य भरावें. पुण्यांत तीस हजारांवर राहणाऱ्या मुलाच्या हातून साडेअठरा हजारांचा हप्ता गेला तर त्यानें खोलीचें भाडें कशांतून द्यावें ?

हा भार हलका करण्याचे कांहीं मार्ग मात्र आहेत. २०२४ पासून महाराष्ट्र सरकारनें इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास, आणि आर्थिक दुर्बल या घटकांतील ज्या कुटुंबांचें वार्षिक उत्पन्न आठ लक्षांच्या आंत आहे, त्यांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय पद्धतीनें झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घाईनें प्रवेश घेणारे पालक ही सवलत आपल्या हातानें घालवितात. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्रसरकारनें मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामीन यांवांचून कर्ज मिळतें, आणि आठ लक्षांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरास दहा लक्षांच्या कर्जापर्यंत, फेड सुरू होण्यापूर्वींच्या काळांत, व्याजांत तीन टक्क्यांची सूट आहे. पदव्युत्तर शिक्षणापूर्वीं गेट परीक्षा द्यावी. तिच्या आधारें मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत प्रवेश मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठीं दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ति आहे. चोवीस महिन्यांचे २,९७,६०० रुपये होतात. म्हणजे मघांशीं सांगितलेले अकरा लक्ष चाळीस हजार सुमारें सव्वाआठ-साडेआठ लक्षांवर येतात आणि साडेनऊ वर्षांचीं सात वर्षें होतात. माझ्या मतें ही शिष्यवृत्ति मिळाली तर पदव्युत्तर शिक्षण करावें, न मिळाली तर आधीं दोन वर्षें नोकरी करून पहावें. हा नियम कोणा तज्ज्ञाचा नव्हे, माझा आहे.

मिळकत कोठें आहे ? बहुतेक कचेऱ्या पुणें, मुंबई, अहमदाबाद, दिल्ली, बंगळूर येथें आहेत. त्यांस गृहवसाहती, कारखान्यांचीं आवारें, रुग्णालयें, हॉटेलें यांचीं कामें मिळतात. सन २०२० पासून राज्यांत बहुतेक ठिकाणीं लागू असलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणें अर्धा हेक्टरहून थोड्या लहान, म्हणजे चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या जागेचे भूखंड पाडतांना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती ठेवली जाते. पण तिची रचना जाणत्याकडून करून घेण्याची सक्ति नसल्यामुळें तींत चार घसरगुंड्या व एक फलक एवढ्यावर काम भागतें. नांदेड व लातूर हीं दोन्ही शहरें २०१५ च्या अमृत योजनेंत होतीं, आणि त्या योजनेंत हरित जागांचा व उद्यानांचा भाग होता. अशीं कामें निविदेनें जातात. निविदा कंत्राटदार भरतो, व आराखडा करणाऱ्याचें नांव कागदाच्या कोपऱ्यांत राहतें.

महानगरपालिकेंत नोकरी मिळेल या आशेनें जे येतात त्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उद्यान अधीक्षकाच्या जागेसाठीं सामान्यतः कृषि किंवा उद्यानविद्येची पदवी मागितली जाते, वास्तुशास्त्राची नव्हे. ज्यास नांदेड-वाघाळा किंवा लातूर महापालिकेच्या उद्यानविभागांतच जावयाचें आहे, त्यानें परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाची वाट धरावी. तेथील चार वर्षांची पदवी तुलनेनें फारच थोड्या खर्चांत होते, घर जवळ राहतें, आणि त्यानंतर देशांतील कृषि विद्यापीठांतून पुष्पविद्या व स्थलरचना या विषयांत एम. एस्सी. ही करतां येते. त्या पदवीधरास इमारतींचे नकाशे करतां येणार नाहींत, पण झाडांचें ज्ञान त्याचें अधिक पक्कें असतें. अनेक मुलांस जें हवें असतें तें याच वाटेवर मिळतें, आणि तीं उगीच महागड्या वाटेकडे पाहत बसतात.

अध्यापन हा तिसरा मार्ग. वास्तुशास्त्र महाविद्यालयांत साहाय्यक प्राध्यापक होण्यास पदव्युत्तर पदवी लागते, आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणें त्या जागेचें आरंभींचें मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. मात्र खाजगी संस्थांत हें वेतन सर्वत्र पूर्ण मिळतेंच असें धरून चालूं नये. मुलाखतीस गेलेल्यानें तेथील शिक्षकांस खासगींत विचारावें; शिक्षक खरें सांगतात.

परदेशाचा मोहही पुष्कळांस असतो. अमेरिकेंत हा धंदा परवान्याचा आहे, आणि तेथें स्थलरचनाकाराचें मध्यम वार्षिक वेतन सुमारें एकोणऐंशीं हजार डॉलर आहे. जुलै २०२३ मध्यें तेथील सरकारनें या विषयास विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादींत घेतलें, त्यामुळें पदवीनंतर अनुभवासाठीं तीन वर्षें काम करण्याची सोय झाली. परंतु सप्टेंबर २०२५ मध्यें एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलर शुल्क जाहीर झालें. लहान कचेऱ्यांचा भरणा असलेल्या या धंद्यांत एवढें शुल्क कोणता मालक भरील ? तेव्हां शेत गहाण टाकून या विषयासाठीं अमेरिकेस पाठविण्याचा सल्ला मी तरी कोणास देणार नाहीं.

मग ही विद्या कोणीं शिकावी ? ज्यास बी. आर्च. करावयाचेंच आहे त्यानें ती करावी, आणि पांचही वर्षें जमीन, पाणी व झाडें यांकडे लक्ष ठेवावें. अभ्यासक्रमांत एखाद्या कचेरींत प्रत्यक्ष काम शिकण्याचा जो काळ असतो तो स्थलरचनेच्या कचेरींत घालवावा. तेथें उन्हांत उभें राहून उतार मोजावयास, माळ्याशीं त्याच्या भाषेंत बोलावयास आणि मालकाशीं पैशाचें बोलणें करावयास जो लाजत नाहीं, त्याचा पुढें निभाव लागतो. केवळ संगणकावर सुंदर चित्रें काढणाऱ्याची स्पर्धा आतां यंत्राशींच आहे.

शेवटीं प्रवेशासंबंधीं दोन गोष्टी. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते, तींत बी. आर्च. व पदव्युत्तर अभ्यासक्रम यांची मान्यता वेगवेगळी पहावी. एकीस मान्यता आहे म्हणजे दुसऱ्यास आहेच असें नसतें. आणि बी. आर्च. साठीं बारावीस भौतिकशास्त्र व गणित हे विषय आवश्यक आहेत. आपल्याकडे नीट परीक्षेच्या ओढीनें कित्येक मुलें अकरावींतच गणित सोडून देतात व केवळ जीवशास्त्र घेतात. त्यांस पुढें नाटा परीक्षेंत कितीही चांगलें चित्र काढतां आलें तरी हा दरवाजा बंद असतो. म्हणून ज्या घरांत मुलाच्या वहीच्या मागच्या पानांवर झाडांचीं व वाड्यांचीं चित्रें दिसत असतील, त्या घरानें अकरावीचा अर्ज भरतांनाच गणित राखून ठेवावें.